त्याने ठरवलेला रंग

त्या घटनेची आठवण आल्याशिवाय मला आजही स्वारगेटचा सिग्नल ओलांडता येत नाही. सिग्नलला लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो. ज्याला रंग कळत नाहीत, तोसुद्धा दिव्याची जागा पाहून गाडी थांबवू शकतो. रात्रीच्या समुद्रावर अशी सोय नसते. समोर काळोखात एक ठिपका दिसतो आणि त्याचा रंग काय, यावर माणसांचा जीव अवलंबून असतो. समुद्रापासून इतक्या दूर, पुण्यात नोकरी करताना मला हे शिकावे लागले.

नव्वदचे दशक संपत आले होते. शहराच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्यात मी पोलीस निरीक्षक होतो. बिबवेवाडी आमच्याच हद्दीत येत होती. घरफोड्या, बस स्टँडवरचे पाकीटमार, घरमालक आणि भाडेकरूंची भांडणे हा रोजचा रतीब. त्यात परदेशी नोकरीच्या आमिषाने फसवल्याच्या तक्रारींची नवी भर पडली होती. त्या काळात दर दुसऱ्या घरातला मुलगा कॉम्प्युटर शिकत होता, आणि ज्याला ते जमत नव्हते तो मर्चंट नेव्हीच्या जाहिराती कापून ठेवत होता.

एका दुपारी ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला.

"साहेब, एक बाई आहेत फोनवर. नाव सांगत नाहीत. तक्रार विचारली तर म्हणतात, मोठ्या साहेबांनाच सांगेन."

मी फोन घेतला. मागून रहदारीचा आवाज येत होता, म्हणजे फोन सार्वजनिक बूथवरून होता.

"कोकणात मालवाहू जहाजानं मच्छीमारांची बोट बुडवली होती, ती बातमी वाचली होती का तुम्ही?" बाई म्हणाल्या. "त्या वेळी जहाजावर ड्यूटीवर असलेला अधिकारी तुमच्या हद्दीत राहतो. त्याच्या डोळ्यांची परीक्षा त्यानं दिलेलीच नाही. त्याच्या धाकट्या भावानं दिली. दवाखानाही तुमच्याच हद्दीतला. तो आता परत जहाजावर निघालाय, साहेब. त्याला थांबवा."

त्यांनी दोन्ही भावांची नावे सांगितली, घराचा आणि दवाखान्याचा पत्ता सांगितला आणि फोन ठेवून दिला.

निनावी फोन आम्हाला नवे नव्हते. बहुतेक फोन रागातून येतात. बोलणाऱ्याला समोरच्याचे वाटोळे करायचे असते आणि त्यासाठी तो पाल्हाळ लावतो. या बाई रागावलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. नेमके तेवढेच बोलल्या होत्या. मी त्याच दिवशी कामाला लागलो.

अपघाताची माहिती मिळवणे अवघड नव्हते. काही महिन्यांपूर्वी रात्रीच्या वेळी एका मालवाहू जहाजाने मासेमारीच्या बोटीला धडक दिली होती. बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि त्याचे तीन साथीदार बुडाले. एक तरुण खलाशी फळीला धरून वाचला. आमच्या बोटीचे दिवे लागलेले होते, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. जहाजावरच्या अधिकाऱ्याने सांगितले की बोटीवर दिवेच नव्हते. अधिकाऱ्याची कागदपत्रे चोख होती. चौकशीत त्याचे म्हणणे ग्राह्य धरले गेले आणि चार माणसांच्या मरणाचा दोष मेलेल्यांच्याच माथी बसला.

मला जहाजातले काहीच कळत नव्हते. मी मुंबईच्या जहाज वाहतूक कार्यालयातल्या एका अनुभवी अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांनी नीट समजावून सांगितले. जहाजावर अधिकारी म्हणून उभे राहायचे तर सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आधी समुद्रावर ठरावीक नोकरी झालेली असावी लागते, मग लेखी परीक्षा, मग जुन्या जाणत्या कप्तानासमोर तोंडी परीक्षा. आणि या सगळ्यांबरोबर डोळ्यांची परीक्षा.

"अंधाऱ्या खोलीत बसवून एका कंदिलातून बारीक दिवे दाखवतात," ते म्हणाले. "लाल, हिरवा, पांढरा. उमेदवारानं फक्त रंग सांगायचा. यात जो चुकला, तो बाकी कितीही हुशार असो, त्याला रात्री जहाज हाती देता येत नाही."

"का?"

"प्रत्येक नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. समजा, तुमच्या उजव्या हाताला एक नौका दिसली. तिचा हिरवा दिवा दिसला तर ती तुमच्यापासून लांब चाललीय. लाल दिसला तर ती तुमच्या पुढून आडवी जातेय, आणि वाट तुम्ही द्यायची."

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्कर होते, ही परीक्षा घेण्यासाठी मान्यताप्राप्त होते आणि त्यांना पोलिसांचे येणे अजिबात आवडले नव्हते. मी दोन्ही भावांचे फोटो पुढे ठेवले. थोरला आणि धाकटा यांच्यात दोन वर्षांचे अंतर, पण तोंडवळा असा सारखा की एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे.

"यातला कोण आला होता तुमच्याकडे?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मी डोळे तपासतो, इन्स्पेक्टर. चेहरे तपासण्याचा पगार तुम्हाला मिळतो."

तिथे काही हाती लागले नाही.

मी थोरल्याला ठाण्यात बोलावले. तिशीच्या आतला तरुण, इस्त्रीचा शर्ट, ताठ बसणे, उत्तरे मोजकी. मी त्याला समुद्रावरच्या नियमांबद्दल विचारले तर त्याने टेबलावरचा पेपरवेट आणि टाचण्यांची डबी घेऊन कोणते जहाज कोणाला वाट देते हे मला असे दाखवले की आमचा हवालदारही कान देऊन ऐकू लागला. तोंडी परीक्षा तो पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाला होता, आणि ते खरे असणार याबद्दल मला शंका राहिली नाही.

"मग डोळ्यांची परीक्षा पुन्हा द्यायला हरकत काय?" मी विचारले.

"साहेब, माझी चौकशी पूर्ण झालीय. मी निर्दोष आहे. त्या रात्रीनंतर मला नीट झोप नाही. डोळ्यांनाही त्रास होतो. आज तुम्ही कसलीही परीक्षा घेतलीत आणि मी चुकलो, तर त्यावरून काय सिद्ध होणार?"

उत्तर तयार करून आणलेले होते, पण बिनतोड होते. आज त्याला रंग कळत नाहीत एवढे दाखवून भागणार नव्हते. परीक्षा झाली त्या वेळीही ते कळत नव्हते, हे सिद्ध व्हायला हवे होते. मी त्याला जाऊ दिले. त्याची बॅग भरून तयार होती, आणि त्याला अडवायला माझ्याकडे एका निनावी फोनपलीकडे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकट्याला चौकशीची नोटीस द्यायला त्यांच्या घरी गेलो. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. धाकटा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि कामावर गेला होता. थोरला जहाज कंपनीच्या कामासाठी मुंबईला गेला होता. घरात त्यांची आई आणि थोरल्याची बायको, अशा दोघीच होत्या.

आई मूळच्या अमरावतीकडच्या. नवरा सरकारी नोकरीत बदली होऊन पुण्यात आला आणि मुले शाळेत असतानाच वारला. पुण्यात इतकी वर्षे काढूनही त्यांच्या बोलण्यातली वऱ्हाडी गेली नव्हती.

"या जी, बसा. पासपोर्टचं आलं असन," त्या म्हणाल्या. "लहान्याले कंपनी अमेरिकेत धाडते ना."

"नाही मावशी," मी सांगितले. "मी पासपोर्टसाठी आलो नाही. थोरल्याच्या जहाजाचा अपघात झाला होता, त्याच्या चौकशीसाठी आलोय."

त्यांचा चेहरा उतरला, पण त्या मोकळेपणानेच बोलू लागल्या. मुलाबद्दल चांगले सांगितले की चौकशीत त्याचा फायदा होईल, असे त्यांना वाटत असावे. बाप गेल्यावर थोरल्याने घर कसे सावरले, धाकट्याचा अभ्यास कसा घेतला, हे त्या सांगत राहिल्या. सून चहा घेऊन आली. "घ्या," एवढा एकच शब्द ती बोलली आणि फोनवरचा आवाज मी ओळखला. तिनेही मी ओळखल्याचे ओळखले. मी चहा घेतला आणि पुन्हा आईंकडे वळलो.

"लय हुशार आहे माझा मोठा," आई म्हणाल्या. "देवानं एवढीच खोड ठेवली त्याच्यात. लाल-हिरवं त्याले समजत नाही."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"लहानपणापासूनच. लाल झालेल्या मिरच्या तोडून आण म्हटलं, तं हिरव्या घेऊन यायचा. टमाटे हातानं दाबून पाहायचा पिकले का. लहान्या हसायचा त्याले." त्या स्वतःही हसल्या. "लग्नात हिरवा शालू आणाले स्वतः गेला होता, हिच्यासाठी. घेऊन आला विटकरी! मग लहान्यानं बदलून आणला."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिने सासूला अडवले नाही. या खोडीमुळे आपला मुलगा जहाजावर अधिकारी होऊच शकत नव्हता, हे त्या घरात एकट्या आईला माहीत नव्हते. दोन्ही मुलांनी त्यांना ते कधी सांगितले नव्हते.

मी निघालो तेव्हा सून कचरा टाकण्याच्या निमित्ताने जिन्यात आली.

"मला लग्नानंतर कळलं," ती हळू आवाजात म्हणाली. "परीक्षेचं तर अपघातानंतर कळलं. दोघं भाऊ आतल्या खोलीत बोलत होते. मी म्हटलं, नोकरी सोडा, काहीही दुसरं करा. ते म्हणतात, एकदाच झालं, परत नाही होणार. साहेब, परत झालं तर? ती माणसं कुणाची तरी असतील ना?"

"तुमचं नाव कुठं येणार नाही," मी म्हणालो.

"घरात कळलं तर मला इथं राहता येणार नाही."

"कळणार नाही."

त्याच दुपारी धाकटा ठाण्यात आला. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र तसेच होते. सुरुवातीला तो तोऱ्यात होता.

"सर, आय हॅव अ मीटिंग. हे किती वेळ चालणार? दादाची इन्क्वायरी क्लोज झालीय, तुम्ही परत का ओपन करताय?"

मी त्याला पाणी दिले आणि तासभर इकडचेतिकडचे विचारत राहिलो. कॉलेज, नोकरी, अमेरिका. माणूस खोटे धरून बसला असेल तर त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो. ओरडण्याची त्याने तयारी केलेली असते. मग मी म्हणालो, "तुमच्या आईंशी बोललो आज."

"आईला काय माहितीय? तिला यातलं काहीच माहीत नाही."

"कशातलं?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"त्यांना एवढंच माहीत आहे की थोरल्याला लाल-हिरवं कळत नाही," मी म्हणालो. "ते त्यांनी मला हसत हसत सांगितलं. तुम्ही शालू बदलून आणलात, तेही सांगितलं. आता त्यांना ठाण्यात बोलावून हे लिहून घ्यायचं, कोर्टात उभं करून वदवून घ्यायचं, की तुम्ही स्वतः सांगताय?"

त्याने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. मग खाली पाहत बोलू लागला. जहाजावर पहिल्यांदा भरती होताना थोरल्याने रंग तपासायच्या ठिपक्यांच्या चित्रांची पुस्तिका कुठूनशी मिळवून पाठ केली होती. कंदिलाची परीक्षा पाठ करता येण्यासारखी नव्हती. म्हणून धाकटा गेला, भावासारखी दाढी राखून.

"सर, लहान मुलांचा खेळ होता तो. अंधारात बसायचं आणि म्हणायचं, लाल, हिरवा, पांढरा, हिरवा. पाच-दहा मिनिटं. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी दादाची सगळी मेहनत वाया जाणार. त्यानं बाबांच्या जागी राहून मला शिकवलं, सर. मी एवढंही करायचं नाही?"

"आणि बातमी आली तेव्हा?"

"मी पेपर वाचला नाही. अजून वाचलेला नाही," तो म्हणाला, आणि टेबलावर डोके टेकून रडू लागला. रायटरने लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. मी त्याला खुणेने थांबायला सांगितले.

थोरला मुंबईहून परतला तो थेट ठाण्यातच आला. आम्ही घरी निरोप ठेवला होता. भाऊ बाकावर बसलेला दिसताच त्याला सगळे कळले. त्याने आदळआपट केली नाही. खुर्चीत बसला, या वेळी ताठ नाही.

"त्या रात्री काय झालं?" मी विचारले.

"माझी एक पद्धत होती, साहेब. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथं, रात्री माझ्याबरोबर टेहळणीला एक खलाशी असतो. दिवा दिसला की मी त्यालाच विचारायचो, बोल, कुठला रंग? खलाशांना वाटायचं, साहेब शिकवतात. म्हणायचे, हा अधिकारी फार कडक आहे, सारखी परीक्षा घेतो. पण त्या रात्री नेमका खलाशी खाली फेरीला गेला होता. उजव्या हाताला दिवा दिसला."

"दिवा दिसला होता?"

"हो."

"मग चौकशीत दिवे नव्हते म्हणालात ते?"

"खोटं बोललो." त्याने हाताच्या तळव्यांकडे पाहिले. "दिवा होता. तो खलाशी येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं, वेग कमी करायला पाहिजे होता. पण वेग कमी केला की कप्तान जागा होतो आणि कारण विचारतो. कारण काय सांगणार? म्हणून मी रंग ठरवला."

"कोणता ठरवलात?"

"हिरवा."

खोलीत पंखा फिरत होता. हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. थोरल्याची तपासणी सरकारी रुग्णालयात करून घेतली. दोष जन्माचा असल्याचा डॉक्टरांनी दाखला दिला. धाकट्याने दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली, त्यामुळे आईला साक्षीला उभे करावे लागले नाही. प्रमाणपत्र रद्द झाले, अपघाताची चौकशी पुन्हा उघडली गेली आणि बोटीचे दिवे लागलेले होते, हे मान्य झाले. बोटीवरून वाचलेल्या तरुणाला ते कळवण्यासाठी मी स्वतः कोकणात गेलो. बुडालेला तांडेल त्याचा मोठा भाऊ होता. त्याने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, दिवे मीच लावले होते. इतके दिवस घरात लोक माझ्याकडे बघायचे." मग तो जाळी विणायला बसला. त्याला माझ्याकडून आणखी काही नको होते.

दोघा भावांना शिक्षा झाली. धाकट्याचे अमेरिकेला जाणे राहिलेच, नोकरीही गेली.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी आई ठाण्यात आल्या होत्या. हातात दोघांचा डबा होता. सून बरोबर होती. आई माझ्यासमोर उभ्या राहिल्या, बसायला सांगितले तरी बसल्या नाहीत.

"माझ्या बोलण्यानं झालं का जी हे?"

सून खाली पाहत होती. फोनबद्दल मी बोलू शकत नव्हतो. मी म्हणालो, "मावशी, हे त्यांच्या करण्यानं झालं."

"मले कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "एवढे डाक्टर, एवढे कप्तान, एवढ्या परीक्षा. एकानं जरी मले विचारलं असतं, बाई, तुझ्या पोराले रंग दिसते का, तं मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. चार माणसं आपल्या घरी असती." मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "मोठ्याले वरण नका देऊ जास्त, त्याले पित्त होते."

मुलांनी आईशी बरीच वर्षे धड संबंध ठेवले नाहीत. आपल्या साध्या बोलण्याने मुले तुरुंगात गेली, हे ओझे ती बाई वाहत राहिली, आणि ते अर्धे तरी खोटे आहे हे मला माहीत असून मला सांगता येत नव्हते. खबर देणाऱ्याचे नाव उघड करायचे नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला. इतका जड तो पुन्हा कधी वाटला नाही.

निवृत्तीनंतर एकदा कात्रजच्या बाजारात ती सून मला भेटली. केस पांढरे झाले होते. सासूबाई गेल्याचे तिने सांगितले. शेवटची वर्षे त्या हिच्याजवळच होत्या.

"मी त्यांना सांगितलं, साहेब," ती म्हणाली. "फोन मी केला होता म्हणून. जायच्या आधी सहा-सात महिने."

"काय म्हणाल्या?"

"दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बरं केलं तू. पण मले आधी सांगाले पाहिजे होतं. दोघी मिळून गेलो असतो.'"

हे लिहायला तिनेच परवानगी दिली, म्हणून लिहिले.

थोरला मला वाईट माणूस वाटला नव्हता. धाकटा तर नाहीच. एकाला आपली मेहनत फुकट जाऊ द्यायची नव्हती, दुसऱ्याला भावाचे ऋण फेडायचे होते. माझ्या नोकरीत मी सराईत गुन्हेगार पुष्कळ पाहिले, पण चार माणसे बुडवण्याइतके नुकसान त्यांतल्या फार थोड्यांनी केले असेल. या प्रकरणानंतर माझ्या तपासात एक फरक पडला. आरोपीची कागदपत्रे कितीही चोख असली तरी मी त्याच्या घरी जाऊन बसू लागलो, आणि ज्या माणसाला कोणी काही विचारत नाही, त्याच्याशी आधी बोलू लागलो. बहुतेक वेळा तो माणूस घरातली एखादी बाईच असे. आणि बहुतेक वेळा ती कोणीतरी येऊन विचारण्याची वाट पाहत असे.